मिनी ट्रेन म्हणा, टॉय म्हणू नका

हे माथेरानचं शार्लोट लेक, भर जुलैतलं. बांधावरून पाणी सांडतंय, आणि धुकं एवढं की काठावरचं पिसरनाथाचं देऊळ मधेच दिसतं नि मधेच गायब. माथेरानकर हे पाणी पितात, म्हणून पोहायला बंदी आहे. तरी एकजण पाय बुडवून बसलाय बघा, बरोबर कॅमेऱ्यात आलाय.

मे 1850 मधे ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाकडून, वन ट्री हिल पॉइंटच्या बाजूने हा डोंगर चढला आणि म्हणे माथेरानचा 'शोध' लागला. धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून होतेच की इथे. असो. साहेबलोकांचे बंगले झाले, 1856 पर्यंत रेल्वेही नेरळच्या पुढे खोपोलीपर्यंत पोचली, पण नेरळला उतरलं की पुढे घोडा, पालखी नाहीतर आपले पाय.

मग मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या घरातल्या अब्दुल हुसेन यांनी नेरळहून वर मिनी ट्रेन न्यायचं मनावर घेतलं. 1904 ला काम सुरू, 1907 ला गाडी वर. 16 लाख रुपये लागले, तेही घरचे, त्या काळात!

आता रूळ जवळून बघा. दोन रुळांमधे फक्त 2 फूट अंतर. चढ कुठेकुठे 1 ला 20, म्हणजे 20 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, असं करत जवळपास 20 किलोमीटर. डोंगर फोडून सरळ जायचं नाही, त्याच्या अंगाअंगाने वळत जायचं, म्हणून वळणं इतकी टाइट की खिडकीतून आपल्याच गाडीचं शेपूट दिसतं. साधं इंजिन इथे अडकलंच असतं, म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेलची खास इंजिनं आणली, ज्यांची पुढची आणि मागची चाकं वळणावर थोडी तिरकी व्हायची. एवढा चढ चढून इंजिनाला तहान लागणारच, ती भागवायची जागा म्हणजे वॉटर पाइप स्टेशन, नाव अजून तेच. मधे एकच बोगदा आहे, वन किस टनेल, त्याची गंमत सगळेच सांगतात म्हणून आम्ही सोडून देतो.

त्यापेक्षा हा हात बघा, ब्रेकच्या चाकावरचा. कितीतरी वर्षं उतारावर गाडी अशीच आवरायचे, ड्रायव्हरने शिटी दिली की डब्याडब्यातला ब्रेकवाला चाक फिरवणार, शिटीचा अर्थ चुकला तर खाली दरी. याला टॉय ट्रेन कोण म्हणतं हो?

26 जुलै 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला, 2007 ला परत आला. 2016 ला डबे घसरले, गाडी काही काळ बंद. 2019 ला पुन्हा पावसाने रूळ उखडले, नेरळहून थेट वर गाडी यायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. मोटारींना गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी, त्यामुळे भाजीपासून सिलेंडरपर्यंत बरंचसं घोड्यावर आणि माणसांच्या डोक्यावर.

पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, वर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल तेवढी चालते. आणि खाली घाटात ही माणसं, रेनकोट घालून, रुळांवर आलेली माती फावड्याने ओढतायत. शॉट जरा लांब आहे, मी मधे बोलत नाही.