बुरूज, माळा आणि मोडका पाया

पडद्यावरच्या चित्रातला माणूस तुमच्यापैकी बरेच जण ओळखत असतील. हा जर्मन कवी गटे. अंगावर पांढरा झगा, डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि बसलाय तो कोसळलेल्या ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच निमुळत्या दगडी स्तंभाच्या, तुकड्यांवर. टिशबाइन या चित्रकाराने १७८७ साली रोममध्ये हे चित्र काढलं. आज ते फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. गटेचे दोन्ही पाय डावे दिसतात, यावर पुष्कळ बोललं जातं. मला मात्र तुमची नजर त्या पायांवरून उचलून मागच्या मैदानाकडे न्यायची आहे. दूरच्या डोंगरांच्या अलीकडे एक बसका, गोल बुरूज दिसतोय? आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

बुरूज म्हटलं खरं, पण ते थडगं आहे. चेचिलिया मेतेल्ला नावाच्या एका बाईचं.

ते रस्त्याच्या कडेला का, हे आधी सांगते. रोमच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यात, म्हणजे बारा पाट्यांच्या कायद्यात, शहराच्या आत प्रेत पुरायचंही नाही आणि जाळायचंही नाही, असं कलम होतं. त्यामुळे वेशीबाहेर पडलं की थडगी सुरू होत. आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना जागा हवी असे ती रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून नाव वाचावं म्हणून. यात सगळ्यात मानाचा रस्ता व्हिया आप्पिया. आप्पिउस क्लाउदिउस या अधिकाऱ्याने इ.स.पू. ३१२ मध्ये तो बांधायला घेतला, आधी कापुआपर्यंत, आणि पुढे वाढत वाढत तो थेट ब्रिंदिसीच्या बंदराला पोचला. त्यावरची फरसबंदी काळ्या लाव्हाच्या दगडाची आहे. मी पहिल्यांदा त्यावरून चालले तेव्हा पायांना ओळखीचं काहीतरी लागलं. घाटातल्या जुन्या वाटा तुडवलेल्या कुणालाही तसंच वाटेल.

या रस्त्यावर तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी, उंचवट्यावर, हे थडगं उभं आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही दशकांतलं. खाली चौकोनी चौथरा, त्यावर सुमारे ३० मीटर व्यासाचा आणि ११ मीटर उंचीचा गोल भाग. आतला गाभा चुना आणि दगडांच्या तुकड्यांचा, बाहेरून ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाचे घडीव चिरे. वरच्या कडेला संगमरवराची पट्टी आहे. तिच्यावर फुलाफळांच्या माळा कोरल्या आहेत आणि माळांच्या मधोमध बैलांच्या कवट्या. या कवट्यांमुळे आसपासच्या लोकांनी सगळ्या परिसराला नाव दिलं ‘कापो दि बोव्हे’, बैलाचं डोकं. आत कोण आहे ते लोक विसरले, बैल लक्षात राहिला.

आता हा आकार नीट पाहा. चित्रांमध्ये तो सतत येणार आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. माथ्यावर तटासारख्या चर्या आहेत, मध्ये गोल अंग, आणि खाली चौथरा इतका खरवडलेला की आतला गाभा उघडा पडलाय. यातलं रोमन काय आहे? मधलं अंग. चर्या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. पोप बोनिफेस आठवा याच्या काएतानी घराण्याने १३०३ च्या सुमारास इथे किल्ला उठवला, थडग्याचा बालेकिल्ला केला आणि रस्ताच किल्ल्यातून नेला. जाणाऱ्याला जकात चुकत नसे. समोर त्यांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती अजून छपराविना उभ्या आहेत. आणि चौथऱ्याची ती दशा? ट्रॅव्हर्टाइन भाजलं की उत्तम चुना होतो. पंधराव्या शतकातला विद्वान पोज्जो ब्राच्चोलिनी लिहून गेलाय, की हे थडगं त्याने आधी धड पाहिलं होतं आणि पुढे पाहिलं तेव्हा चुन्यासाठी त्याचा बराचसा भाग काढून नेलेला होता. हाताला लागले तेवढे चिरे गेले. वरचे काढायला अवघड, म्हणून राहिले.

म्हणजे जगभरच्या घरांत, पुस्तकांत, पोस्टकार्डांवर ‘प्राचीन रोम’ म्हणून जी बाह्यरेषा पोचली, तिचा माथा मध्ययुगाने चढवलेला आहे आणि पाय चुनाभट्टीवाल्यांनी तोडलेले आहेत. ही वास्तू नवी असताना जशी होती, तशी समोर बघून कुणी काढल्याचं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. चित्रकार आले ते सगळे नंतर. म्हणून मी या चित्रांकडे बघताना एकच प्रश्न विचारते: याने माथा काढलाय, अंग काढलंय, की पाय?

फ्रेंच कारागीर एत्येन द्युपेराक याने १५७५ साली रोमच्या अवशेषांचा एक चित्रसंच छापला, त्यात हे थडगं आहे. तिथे ते इतर पडीक वास्तूंसारखं एक, खाली माहिती देणारा मजकूर, आणि पुढचं पान. नोंद आहे. तिचं मोल आहेच, पण आपण पुढे जाऊ, कारण पुढे पिरानेसी आहे आणि त्याच्यापाशी मला थांबायचंय.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी, जन्म १७२०, व्हेनिसच्या बाजूचा. शिक्षण वास्तुविद्येचं, पण इमारती बांधायला फारशा मिळाल्या नाहीत. मग त्याने आयुष्यभर तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने इमारती कोरल्या. १७५६ साली त्याचा रोमच्या पुरातन वास्तूंवरचा चार खंडांचा ग्रंथ आला, आणि त्यातले मधले दोन खंड जवळजवळ पूर्णपणे थडग्यांना दिलेले आहेत. चेचिलिया मेतेल्लाच्या वाट्याला एक चित्र नाही, पानांमागून पानं आहेत. तळाचा नकाशा, उभा छेद, चिऱ्यांची जोडणी. आत विटांनी बांधलेली, वर निमुळती होत जाणारी खोली आहे, तीही. आणि मग ते पान येतं जे मला सगळ्यात प्रिय आहे. त्यात थडगं दिसतच नाही. दिसतात ती अवजारं. चिऱ्याच्या माथ्यावर आतल्या बाजूने रुंद होत जाणारी खाच पाडायची, तिच्यात लोखंडाचे तीन तुकडे एकेक करून सरकवायचे, वरून कडी अडकवायची. दोर ओढला की लोखंड खाचेत घट्ट आवळलं जातं आणि चिऱ्याला बाहेरून दोर न बांधता तो उचलता येतो. पिरानेसीने हे सगळं सुटं करून मांडलंय, एखाद्या मिस्त्रीने आपल्या पोराला दाखवावं तसं.

हे त्याला कळलं कुठून? त्या तुटक्या पायातून. चिरे काढून नेले म्हणून गाभा उघडा पडला, म्हणून किती जाड आवरण होतं, चुना कसा भरला, थर कसे बसवले हे वाचता आलं. इतरांनी जिथे नासधूस पाहिली, तिथे त्याने बांधणाऱ्यांचे हात पाहिले. ग्रीकांची वास्तुकला श्रेष्ठ की रोमनांची, असा तेव्हा वाद पेटला होता आणि पिरानेसी हिरिरीने रोमच्या बाजूचा. हे थडगं त्याच्यासाठी पुरावा होतं. त्याची माणसं मुंगीएवढी असतात आणि दगड अवाढव्य, असा आक्षेप घेतला जातो. खरा आहे तो. पण मोजमापाच्या पानांवर तो कारागीर असतो आणि देखाव्याच्या पानांवर वकील, हे लक्षात ठेवून पाहिलं की दोन्ही पानं आपापल्या जागी पटतात.

आता गटेकडे परत जाऊ. तो इथे आला नोव्हेंबर १७८६ मध्ये, रोमला पोचून जेमतेम दोन आठवडे झाले असताना. त्याने लिहून ठेवलंय की भक्कम बांधकाम म्हणजे काय, हे या थडग्यापाशी त्याला कळलं. ही माणसं अनंतकाळासाठी बांधत होती, त्यांनी सगळ्याचा हिशेब केला होता, फक्त उद्ध्वस्त करणाऱ्यांच्या अविचाराचा केला नव्हता, असा त्याचा सूर आहे. म्हणजे त्यानेही पायाच पाहिला. टिशबाइनने मात्र थडगं दूर मैदानात नेऊन ठेवलं, कारण त्याला कवी मोठा दाखवायचा होता. चित्र म्हणून ते सुंदर आहे, पण मला ते बघताना दर वेळी वाटतं की त्या बुरुजाला जरा जवळ यायला हवं होतं.

जवळ नेलं चित्रकार कार्लो लाब्रुत्सीने. १७८९ च्या शरदात रिचर्ड कोल्ट होअर नावाच्या इंग्रज श्रीमंतासोबत तो रोमहून निघाला, सबंध व्हिया आप्पिया ब्रिंदिसीपर्यंत चालत चालत काढायची म्हणून. हवा बिघडली, लाब्रुत्सीची तब्येत बिघडली आणि वाटेतच, बेनेव्हेंतो या गावी, प्रवास संपला. पण तोवर दोनशेहून अधिक चित्रं झाली होती. त्यांत केवळ नावाजलेली थडगी नाहीत. गवतात बुडालेले, नाव गाव नसलेले विटांचे ढिगारेही त्याने तितक्याच मायेने काढले. त्यातले काही आज तसे उरलेले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात माथा जिंकला. मलेरियामुळे रोमभोवतीचं मैदान ओसाड. गुरं, गुराखी, संध्याकाळचं तांबूस ऊन, आणि त्यावर चर्यांची काळी रेघ. डुसेलडॉर्फच्या ओस्वाल्ड आखेनबाखने १८८६ साली असाच देखावा रंगवला, आणि त्याच्यासारखे कितीतरी. विकत घेणारे प्रवासी होते, त्यांना घरी न्यायला सूर्यास्त हवा होता. त्या चर्या काएतानींच्या आहेत हे कुणी विचारत नव्हतं. याच काळात लुईजी कानिना या वास्तुतज्ज्ञाने पोपच्या आश्रयाने रस्त्याचं उत्खनन केलं आणि १८५३ साली ग्रंथ काढला. अवशेष आज असे आहेत आणि मूळचे असे असावेत, अशा चित्रांनी तो भरलेला आहे. त्याच्या कल्पनेतली थडगी पाहताना मला बांधणाऱ्याचे हात कुठे सापडत नाहीत. सगळं फार स्वच्छ आहे. रॉबर्ट मॅकफर्सन हा स्कॉटिश माणूस त्याच सुमारास इथे कॅमेरा लावत होता. फोटो उमटायची काच अनेक मिनिटं उघडी ठेवावी लागे, त्यामुळे हलणारं काही टिकत नसे. दगड तेवढा टिकला, आणि तुटक्या पायाची खरखर पिरानेसीनंतर पुन्हा एकदा बोटांना लागेल इतकी स्पष्ट झाली.

या सगळ्यांत ती बाई कुठे आहे? कवी बायरनने १८१८ मध्ये छापलेल्या कवितेत हे विचारलं: ती सुंदर होती का, तरुण गेली की म्हातारी होऊन? उत्तर म्हणून त्याच्या हाती एवढंच लागलं की ती रोममधल्या सर्वांत धनाढ्य माणसाची बायको होती. तेही बहुधा चुकलंय. तो धनाढ्य क्रासुस तिचा सासरा असावा. नवरा त्याचा मुलगा, जो सीझरच्या हाताखाली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, लढला. रस्त्याकडे तोंड केलेल्या संगमरवरी फलकावर मजकूर आहे तो असा: क्विंतुस क्रेतिकुसची मुलगी, क्रासुसची (म्हणजे बायको), चेचिलिया मेतेल्ला हिला. क्रेतिकुस, म्हणजे ज्याने क्रीट बेट जिंकलं तो बाप. ‘चेचिलिया’ हे बापाच्या कुळाचं नाव, ‘मेतेल्ला’ हे त्या कुळातल्या शाखेचं. रोमन मुलींना नावं अशीच मिळत. आपल्याकडे बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाआधी निदान बाईचं स्वतःचं एक नाव असतं. तिथे तेही नाही. फलकाच्या वर कोरीव काम शिल्लक आहे, त्यात जिंकलेली शस्त्रं आणि गॉलच्या ढाली आहेत. बहुधा नवऱ्याच्या लढाईची खूण.

पिरानेसीने हा फलकही कोरलाय, अक्षरन् अक्षर. मी शेवटची तिथे गेले तेव्हा सकाळी लवकर पोचले होते. रस्त्यावरून मान वर करून तीन ओळी वाचल्या, मग खाली वाकून उघड्या गाभ्याला हात लावला. चुन्यात बसवलेले काळे दगड, एकेक हातात मावेल एवढे. कुणीतरी ते एकेक करून रचले होते. पुढचं चित्र लावा.