वाळलेली जमीन आणि मुरलेली जमीन

श्रोतेहो, नमस्कार. न्यू जर्सीत आपल्यापैकी अनेकांनी जुनी घरे विकत घेतली आहेत, आणि त्यांतला गालिचा उचलल्यावर खाली ओकच्या फळ्यांची उत्तम जमीन निघाल्याचा आनंद कित्येकांनी अनुभवला असेल. अशा लाकडावर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकणे हा त्या लाकडावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. पण ती जमीन घासून, नवे पॉलिश चढवून झाले, की सामान आत कधी आणायचे, हा आजचा विषय आहे.

वाळणे वेगळे आणि मुरणे वेगळे. तेलाच्या पॉलियुरेथेनचा, म्हणजे या जमिनीवर चढवायच्या पॉलिशचा, कोट साधारण एका दिवसात हाताला कोरडा लागतो, कारण त्यातला द्रावक उडून गेलेला असतो; परंतु खालचा थर हवेतला प्राणवायू घेत घेत हळूहळू कडक होत जातो, आणि तो पुरता मुरायला महिनाभर लागतो. सिमेंटचा स्लॅब मुरावा म्हणून आपण त्याला पाणी मारतो. या जमिनीला मात्र मोकळी हवा लागते.

आमच्या घरी हे आम्ही चुकीतून शिकलो. सप्टेंबरचे पहिले दिवस होते, हवा दमट होती, आणि तिसरा कोट बुधवारी संध्याकाळी चढला. कारागिराने जाताना बजावले होते : एक दिवस पाऊल नको, एक आठवडा सामान नको, एक महिना गालिचा नको. पण सोमवारी गणेश चतुर्थी होती, तीस-चाळीस माणसे आरतीला येणार होती, आणि पुण्याहून आलेल्या आईने जमिनीवर तळहात फिरवून सांगितले, “खडखडीत वाळली आहे रे.” मलाही तसेच वाटले. रविवारी आम्ही मखराचे टेबल मांडले, त्याच्या पायांखाली रबरी चकत्या ठेवल्या आणि दिवाणखानाभर आईची निळी-पांढरी सतरंजी अंथरली.

गणपती पाच दिवसांचे होते. विसर्जनानंतर सतरंजी उचलायला गेलो, तर ती चर्र असा आवाज करीत सुटू लागली. माणसे जिथे दाटीने बसली होती, तिथे सतरंजीची वीण पॉलिशमध्ये जशीच्या तशी उमटली होती. उभा-आडवा धागा बोटाला लागत होता, आणि मधूनमधून निळे तंतू चिकटून राहिले होते. टेबलाखाली चार गोल डाग होते. आई खाली बसली, त्या विणीवरून बराच वेळ बोट फिरवीत राहिली आणि म्हणाली, “लोणचं मुरायच्या आत आपण बरणी उघडली.”

ठसे उथळ होते तिथे महिन्याभरानंतर वरवर घासून नवा कोट देता आला. मखरासमोरच्या भागात मात्र पार लाकडापर्यंत घासावे लागले.

म्हणून तेलाच्या पॉलिशचा हिशेब पुन्हा सांगतो. एक दिवसानंतर पाऊल, एक आठवड्यानंतर सामान, एक महिन्यानंतर गालिचा. पहिले पाऊलही स्वच्छ सुती मोजे घालून टाका. आपल्याला घरात अनवाणी वावरायची सवय असते, पण पायाच्या तेलकटपणाचे ठसे कोवळ्या पॉलिशवर उमटतात. पाण्याचे पॉलिश लवकर तयार होते : सामानाला दोन-तीन दिवस, गालिच्याला साधारण दोन आठवडे. तरीही डब्यावरची सूचना वाचा आणि दमट दिवसांत त्यात आणखी भर घाला. सामान आणताना ते उचलून आणा, ओढू नका, आणि पायांखाली रबर न लावता नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, चकत्या लावा. मुहूर्त आधी ठरला असेल, तर पॉलिशची तारीख त्याच्या किमान पाच आठवडे आधीची धरा.

पुढच्या वर्षी आम्ही वरच्या खोलीचे पॉलिश मे महिन्यात केले. आई तेव्हा पुण्यात होती. ती दर रविवारी फोनवर विचारायची, “किती दिवस झाले?” एकतिसाव्या दिवशी तिने सतरंजी अंथरायला सांगितली.