जीरावणाच्या डबीशेजारी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं की आपल्या इंदुरात घराघरांत काय धांदल उडते, ते तुम्हाला मी काय सांगायचं! कुणी तव्यावरची पोळी तशीच ठेवून, कुणी अर्धी दाढी फेसात ठेवून, डबे घेऊन दाराशी येतं. ओला एका खान्यात, सुका दुसऱ्यात. तोंडाने शेजारच्या काकूंशी त्यांच्या भाचीच्या लग्नाचं बोलणं चालू असतं आणि हात आपले बरोबर डबा बरोबर जागी रिकामा करत असतात. याच गावात दहा-बारा वर्षांपूर्वी आपण कोपऱ्यावरच्या पेटीच्या दिशेने पिशवी भिरकावायचो आणि ती आत पडली की बाहेर, हे बघायला थांबायचोही नाही. मग २०१७ साली देशभरातल्या शहरांची स्वच्छता तपासणाऱ्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलंच राहिलं.

मी पेशाने डॉक्टर. त्यामुळे नंबरापेक्षा मला प्रश्न पडतो तो वेगळाच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं म्हणणारे आपण लोक, आणि लाखो जणांची खोड एकदम गेली कशी? इंदूरकर रातोरात गुणी झाले म्हणावं, तर संध्याकाळी राजवाड्यापाशी पाच मिनिटं रहदारी बघत उभं राहावं, तो गैरसमज लगेच दूर होतो. झालं असं, की गाडी रोज ठरल्या वेळेला दारापुढे यायला लागली, गाणं वाजायला लागलं आणि कोपऱ्यावरच्या पेट्या उचलल्या गेल्या. पिशवी भिरकावायला जागाच उरली नाही. दंडाची भीती होती, नाही असं नाही. पण आज गाणं ऐकून उठताना दंड कुणाच्या मनात असतो? माणसं तीच राहिली, त्यांच्या भोवतीची मांडणी बदलली. तब्येतीच्या सवयींबद्दल आज मला तुमच्याशी जे बोलायचंय ते यातूनच निघतं.

दवाखान्यात रोज एक वाक्य ऐकू येतं: "डॉक्टर, सगळं कळतं हो, पण मनच होत नाही." फिरायला जायचं मन होत नाही, साखर सोडायचं मन होत नाही, रात्री मोबाइल खाली ठेवायचं मन होत नाही. त्यावर माझं उत्तर असतं, मनाला जरा बाजूला बसू द्या. तुम्ही दात घासता ते रोज मनाला विचारून घासता का?

सवय झाली म्हणजे मेंदूत काय होतं, त्याचा एक छान प्रयोग आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल या शास्त्रज्ञ बाईंनी उंदरांना एका वाटेवरून खाऊपर्यंत जायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूच्या खोल भागातल्या पेशींची हालचाल टिपली. सुरुवातीला उंदीर चालत असेपर्यंत त्या पेशी सतत काम करत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर मात्र त्या सुरुवातीला आणि शेवटाला जोरात चालायच्या, मधल्या वाटेवर जवळजवळ गप्प. म्हणजे एकदा सुरुवातीची खूण मिळाली की पुढचं सगळं आपसूक. गाण्याचं आणि डब्याचं नातं तेच आहे. आणि आपला किती दिवस असा आपसूक जातो? वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली काही विद्यार्थ्यांना दर तासाला नोंद करायला लावली: आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय. साधारण ४३ टक्के गोष्टी अशा निघाल्या, की ज्या रोजच्याच, त्याच जागी होत होत्या आणि मन दुसरीकडेच होतं.

आता माझ्याकडचं एक उदाहरण सांगते. आमच्या रामबागेच्या बाजूचे एक आजोबा, नाव सांगत नाही. बीपीची गोळी विसरायचे. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी नक्की. सूनबाईंनी मोबाइलवर गजर लावून दिला. आजोबा तो बंद करून पुन्हा पेपरात डोकं घालायचे. भिंतीवर कागद चिकटवला; चार दिवसांनी तो भिंतीचाच भाग झाला. मग एकदा मी विचारलं, "आजोबा, सकाळी उठल्यावर अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही कधीच विसरत नाही?" ते लगेच म्हणाले, "पोह्यांवर जीरावणाचा मसाला. जीरावणाशिवाय पोहे म्हणजे काय हो, शिक्षा!" आपण इंदूरचे लोक, हे वाक्य तुम्हाला समजावून सांगायला नको. मी सूनबाईंना म्हटलं, गोळ्यांची डबी औषधांच्या खणातून काढा आणि जीरावणाच्या डबीला रबर लावून बांधून टाका. एक हातात घेतली की दुसरी आलीच पाहिजे.

गोळी चुकायची थांबली. आता जीरावणात मीठ आणि काळं मीठ किती असतं आणि बीपीच्या माणसाने ते किती भुरभुरावं, हे आमचं दुसरं भांडण आहे. ते अजून चालू आहे, आणि मला वाटतं ते आजोबाच जिंकतील. एक सांगून ठेवते, सगळ्याच गोळ्या अशा नाश्त्याबरोबर चालत नाहीत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते. तेव्हा कोणती गोळी कशाला बांधायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

पण युक्ती कळली ना? नवी सवय अधांतरी राहत नाही, तिला टांगायला आधीची पक्की खुंटी लागते. "मी रोज व्यायाम करीन" या वाक्याला खुंटीच नाही. "सकाळच्या चहाचा कप विसळून ठेवला की चपला घालायच्या" याला आहे.

किती दिवसांत सवय लागते, हे लोक फार विचारतात, आणि उत्तरही स्वतःच देतात: एकवीस दिवस. मोबाइलवर रोज येणाऱ्या सुप्रभात संदेशांनी हा आकडा घट्ट करून ठेवला आहे. त्याचा उगम मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहून ठेवलं. त्यातलं 'निदान' गळालं, नाकही गळालं, आकडा तेवढा राहिला. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाण्याचा ग्लास, कुणी व्यायाम. आणि बारा आठवडे नोंदी ठेवल्या. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला, हिशोब पुढे मांडला तर, २५४ लागले असते. पाण्याच्या ग्लासासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला वेळ लागला. आणि त्यात एक दिलाशाची गोष्ट होती: मध्येच एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला की "जाऊ द्या, मोडलंच आता, पुढच्या सोमवारपासून बघू" असं होतं. तो पुढचा सोमवार कॅलेंडरवर कधी येत नाही.

वाईट सवयीचं काय? यात मला आपला आयुर्वेदाचा जुना आचार्य वाग्भट फार शहाणा वाटतो. अपथ्याची सवय झाली असेल तर ती चौथाईने सोडावी, नाही जमलं तर चौथाईच्याही चौथाईने, असं त्याने सांगून ठेवलं आहे. चहात चार चमचे साखर घेणाऱ्याला "उद्यापासून बिनसाखरेचा" म्हटलं की तो तीन दिवस तोंड वाकडं करून पितो आणि चौथ्या दिवशी टपरीवर जाऊन कसर भरून काढतो. त्यापेक्षा चाराचे साडेतीन करा. जिभेला पत्ता लागत नाही. पंधरवड्याने तीन. शेवटी एक चमचा उरला तर माझ्या मते तेवढा असू द्यावा. अर्थात मधुमेह असेल तर हिशोब वेगळा.

आणि शेवेचा डबा. हो, त्याचंही बोलायलाच हवं. टीव्हीसमोर डबा मांडीवर, हात डब्यात, डोळे मालिकेत. ती शेव ताजी आहे की महिन्याची, हे त्या वेळी जिभेला विचारतं कोण? थट्टा नाही, हे तपासून झालंय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सिनेमा बघणाऱ्यांना सात दिवसांचं शिळं, चिवट पॉपकॉर्न दिलं. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी ते ताज्याइतकंच खाल्लं, आणि आवडलं नाही असंही सांगितलं! तशीच सवय असलेली दुसरी माणसं साध्या खोलीत बसली तेव्हा मात्र शिळं कमी खात होती. अंधाऱ्या थिएटरातसुद्धा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा भान आलं आणि खाणं कमी झालं. आपल्याकडे डाव्या हाताने खा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही, घरोघरी सासूबाई आहेत. पण डबा स्वयंपाकघरातच ठेवून वाटीत काढून आणता येतं. वाटी संपली की उठावं लागतं, आणि उठायचं म्हटलं की आपण निम्म्या वेळा उठत नाही.

सराफ्याचंही मी तेच म्हणते. रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की गल्ली भुट्ट्याच्या किसाने आणि गराडूच्या वासाने भरून जाते, तिथे जाऊ नका असं इंदुरात राहून कोण म्हणेल? पाहुणे आले की जावंच. पण दुकान बंद करून घरी जाण्याची रोजची वाटच सराफ्यातून असेल, तर भूक नसताना रात्री अकराला हातात द्रोण येणारच. अशा माणसाला मी पथ्य सांगत नाही, वाट बदलायला सांगते.

आता थोडं मनाच्या आरोग्याबद्दल, आणि त्यासाठी आपल्याच अहिल्याबाईंकडे वळते. अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात होता. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकून त्याने बाईंचा दिनक्रम लिहून ठेवला. पहाटे उजाडायच्या तासभर आधी उठणं, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, स्वतः उभं राहून ब्राह्मणांना जेवू घालणं, मग स्वतःचं साधं शाकाहारी जेवण. पुन्हा थोडी प्रार्थना, थोडी झोप. उठून, कपडे करून दुपारी दोनच्या सुमाराला दरबार, तो सहापर्यंत. मग पूजा आणि हलका आहार. नऊला पुन्हा कामकाज, अकराला निजणं.

यातल्या धर्मभावाबद्दल अनेकांनी लिहिलंय. माझं लक्ष जातं ते सांध्यांकडे. एक गोष्ट संपते तिथेच दुसरी लागते, "आता काय करू" असा मोकळा प्रश्न कुठे उरतच नाही. आणि हा दिनक्रम कोणाचा? पती १७५४ मध्ये गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, एकुलता मुलगा १७६७ मध्ये. त्यानंतर या बाईने २८ वर्षं राज्य चालवलं. दुःख कमी होतं म्हणून नव्हे. पण रोज सकाळी दिवसाला आकार होता, आणि तो त्यांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हता.

जोडीदार गेल्यावर माझ्याकडे येणारे लोक बहुधा झोपेची गोळी मागतात. बोलता बोलता कळतं की दहा वाजेपर्यंत अंथरुणातच असतात, कारण उठून करायचं काय? चहा दोघांचा व्हायचा, तो बंद झाला, त्याबरोबर पेपर, अंघोळ, देवपूजा, भाजी आणणं सगळी साखळी निखळली. नैराश्याच्या उपचारात दिवसाची कामं आधी ठरवून ती, मन असो नसो, वेळेवर करायची एक मान्य पद्धत आहे. मी सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करते. रात्री झोप लागो न लागो, उठायचं ठरल्या वेळीच, आणि उठल्यावर गच्चीत किंवा ओसरीवर उजेडात यायचं. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोपही हळूहळू जागेवर येते. फार दिवस बरं वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर मात्र सवयींवर विसंबू नका, डॉक्टर गाठा.

जाता जाता पावसाचं. आपल्याकडे थंडीत नेहरू पार्कात पाय ठेवायला जागा नसते आणि जूनच्या अखेरीला पहिली झड लागली की सगळे घरात. दिवाळीपर्यंत कुणी बाहेर पडत नाही. याची तजवीज पाऊस यायच्या आधीच करा, आणि ती शक्यतो बोलून ठरवा: "सहाला पाऊस असला तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं." जागा आणि वेळ दोन्ही ठरलेली असली की सकाळी खिडकीत उभं राहून आभाळाकडे बघत बसायला नको. पार्किंगच्या फरशीवर पाणी असेल तर तेवढ्या चपला नीट घाला, पावसाळ्यात माझ्याकडे मनगटं मोडून येणारे काही कमी नाहीत.

नमस्कार.