सुरीला लागलेला चुरा

(दृश्य: ओट्यावर बटरचा उघडा डबा. कॅमेरा अगदी जवळ.)

डबा बटरचा आहे. त्यात ग्लुटेन नाही. आता जरा नीट पाहा. सुरी फिरल्याची खूण वरती उमटली आहे आणि त्या खुणेत तपकिरी रंगाचे तीन-चार ठिपके अडकले आहेत. सकाळी कुणीतरी ब्रेडला बटर लावलं आणि आणखी थोडं घ्यायला तीच सुरी परत डब्यात घातली. कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी गोष्ट. पण या घरात एकाला सिलिॲक आहे आणि हा डबा आता त्याच्यापुरता बाद झाला.

सिलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. ती पोटात गेली की या माणसाची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे अतिशय बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व मुख्यतः तेच शोषून घेतात. या हल्ल्यात ते झिजत जातात, पार सपाट होतात. मग रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो.

या आजाराचं मूळ गव्हात आहे, हे दाखवून दिलं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. आज इतक्या वर्षांनीही उपचार एकच आहे: ग्लुटेन आयुष्यभर बंद. त्यामुळे निदान झालं की घरातली मंडळी पाव बंद करतात, बिस्किटं बंद करतात, पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला शिकतात. एवढं सगळं करूनही रक्ताचे अहवाल सुधारत नाहीत, तेव्हा शोध घ्यायचा असतो तो अशा डब्यांचा.

(दृश्य: ताटलीत ब्रेडची एक स्लाइस. शेजारी नखावर मावेल एवढा चुरा.)

‘एवढ्याशा कणानं काय होतंय?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचं उत्तर मोजून देता येतं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त ग्लुटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सिलिॲक असलेल्या लोकांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन देण्यात आलं. तेवढ्यानंही आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं सध्या मानलं जातं. म्हणजे त्या स्लाइसचे दोनशे भाग केले तर त्यातला एक! ‘ग्लुटेनमुक्त’ छापण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकानं घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे, तीही याच हिशेबातून समजते. असं अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्लं तरी माणूस त्या १० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही.

मग घरात ग्लुटेन फिरतं कुठून? सगळीकडून सारखं फिरत नाही आणि मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. प्रत्येक वस्तूची भीती बाळगून घर चालत नाही. माणसं थकतात आणि थकली की नेमकी धोक्याची जागा नजरेतून सुटते.

पाण्यापासून सुरुवात करू.

(दृश्य: उकळतं पातेलं. गव्हाचा पास्ता उपसून काढला जातो. मागे उरतं गढूळ पाणी.)

हे पाणी गढूळ दिसतं, कारण पास्त्यातला स्टार्च आणि त्यासोबत ग्लुटेनही त्यात उतरलेलं आहे. इंधन वाचवायला याच पाण्यात ग्लुटेनमुक्त पास्ता टाकला, तर तो हे सगळं शोषून घेतो. प्रयोगशाळेत असा पास्ता तपासला, तेव्हा ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या रेषेपलीकडे गेलेलं आढळलं. तोच पास्ता वाहत्या पाण्याखाली धुतल्यावर प्रमाण बरंच उतरलं, पण धुऊन घेण्याच्या भरवशावर रोजचा स्वयंपाक करू नये. पातेलं वेगळं, पाणी नवं. तळणीच्या तेलाचंही तेच. उकळल्यानं किंवा तळल्यानं ग्लुटेन नष्ट होत नाही. ते काही जंतू नाही.

गाळण मात्र खरंच वेगळी हवी. जाळीच्या भोकांत अडकलेलं चिकट पीठ घासून पूर्ण निघत नाही. भेगा पडलेली लाकडी फळी, जुनं लाटणं, चरे पडलेला नॉनस्टिक तवा यांनाही हाच नियम. काच आणि स्टील साबणानं घासून स्वच्छ धुतलं की चालतं, त्यासाठी दुसरा संच विकत घ्यायची गरज नाही. ओटा पुसायचं फडकं आणि भांड्यांची घासणी मात्र वेगळी ठेवा. हात साबण लावून पाण्यानं धुवायचे, सॅनिटायझर चोळून ग्लुटेन जात नाही.

टोस्टरबद्दल सगळ्यात जास्त भीती घातली जाते. तरी छोट्या प्रयोगांमध्ये सामायिक टोस्टरमध्ये भाजलेला ग्लुटेनमुक्त ब्रेड बहुधा २० च्या आतच राहिला. वेगळा टोस्टर ठेवता आला तर उत्तमच. पण एकदा चुकून जुन्यात भाजलं म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही.

सुटं पीठ ही खरी डोकेदुखी.

(दृश्य: उन्हाच्या तिरिपेत गव्हाचं पीठ चाळलं जातंय. हवेत तरंगणारे कण.)

हे कण काही तास हवेत राहू शकतात आणि मग ओट्यावर, उघड्या भांड्यांवर, शेजारच्या पातेल्यावर बसतात. श्वासासोबत घशात आलेले कण गिळलेही जातात. माझं मत स्पष्ट आहे. घरात तयार ब्रेड आणला तर सांभाळता येतो, पण गव्हाचं पीठ चाळणं-मळणं शक्य असेल तर घराबाहेरच राहू द्यावं. ते जमणारच नसेल, तर आधी ग्लुटेनमुक्त स्वयंपाक करून झाकून ठेवायचा आणि पीठ त्यानंतर उघडायचं. कपाटात ग्लुटेनमुक्त डबे वरच्या फळीवर, गव्हाचे खाली, म्हणजे सांडलं तरी वरून खाली सांडेल.

बटर, जॅम, पीनट बटर यांचे डबे वेगळे करा आणि झाकणावर ठळक रंगाची पट्टी चिकटवा. लहान मुलाला वाचता येत नसलं तरी रंग कळतो. दमून आलेल्या मोठ्या माणसालाही.

काही गोष्टी स्वयंपाकघराबाहेरच्या आहेत. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळते. म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेलेच घ्यावेत आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. सोया सॉस बहुतेक वेळा गव्हापासून बनतो. माल्ट म्हणजे सहसा बार्ली. मुलांच्या खेळायच्या मऊ रंगीत गोळ्यात गव्हाचं पीठ असू शकतं. ग्लुटेन कातडीतून आत जात नाही, पण मुलांची बोटं तोंडात जातात. औषधाच्या गोळीत कोणता स्टार्च आहे, हे औषध देणाऱ्यालाच विचारावं.

आता त्या माणसाविषयी, ज्याच्यासाठी हे सगळं करायचं. दर जेवणाला ‘हा चमचा कशात होता?’ असं विचारत राहणं फार जिवावर येतं. त्याला चिकित्सक म्हणतात, लाडावलेला म्हणतात. काही वेळानं तो विचारणंच सोडून देतो आणि निमूट खातो. ही वेळ घरच्यांनी येऊ देऊ नये. प्रश्न त्याच्या तोंडून यायच्या आधी उत्तर आपण द्यावं: सुरी नवी आहे, डबा तुझा आहे.

‘खाल्लं, पण काही झालं नाही’ यावर विसंबू नका. अनेकांना पोटदुखी नाही, जुलाब नाहीत, तरीही आतडं आतून झिजत असतं. चुकून ग्लुटेन गेलंच तर त्यावर उतारा नाही. पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची आणि ते कुठून आलं ते शांतपणे शोधायचं. त्रास जास्त असेल तर डॉक्टर गाठायचे.

निदान झाल्यावर पहिल्या वर्षात टीटीजी प्रतिपिंडांची, म्हणजे या आजारात शरीर स्वतःविरुद्धच तयार करतं त्या प्रथिनांची, रक्ततपासणी पुन्हा होते, नंतर सहसा वर्षातून एकदा. आकडा हळूहळू उतरतो, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. तो उतरून सामान्य झाला तरी अधूनमधून जाणारं थोडंसं ग्लुटेन त्यात दिसेलच असं नाही. आणि उतरायचं नाव घेत नसेल, तर आहारतज्ज्ञासमोर बसून आठवडाभराचं खाणं पदार्थागणिक तपासायचं: काय खाल्लं, कशात शिजलं, कशानं वाढलं.