स्मरणयादीतील एक नाव

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की पुण्यातील ख्रिस्ती दफनभूमींच्या दाराशी फुलवाल्यांची गर्दी होते. घरोघरची माणसे खुरपे, झाडू आणि चुन्याची बादली घेऊन येतात, पावसाळ्यात माजलेले गवत काढतात, कबरी पांढऱ्या करतात, शेवंतीची फुले वाहतात आणि मग काही वेळ काहीच न करता उभी राहतात. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृत विश्वासी जनांच्या स्मरणाचा दिवस. हा दुसरा दिवस फ्रान्समधील क्लूनी मठाचे अधिपती ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना लावून दिला आणि तेथून तो हळूहळू सर्वत्र पसरला. कॅथलिक बंधुभगिनी त्या दिवशी मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, अर्पण करतात. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, मृतांसाठी मागणे मागत नाहीत, मृतांबद्दल देवाची उपकारस्तुती करतात. हा फरक लहान नाही, परंतु त्यावर बोलायला बसलो तर माझी बारा मिनिटे त्यातच संपतील, आणि खरे सांगायचे तर गवत उपटताना तो कोणाच्या ध्यानातही नसतो.

मला आज एवढेच सांगायचे आहे की मेलेल्या माणसाची आठवण ठेवायची तर दोन गोष्टी लागतात: त्याचे नाव आणि त्याचे काम. नुसते नाव पुरत नाही आणि नुसते कामही पुरत नाही. नाव आणि काम, दोन्ही लागतात.

पुणे कॅम्पातील सेंट मेरीज चर्च १८२५ सालचे आहे. त्याच्या भिंतींवर इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला आहेत. माणूस कोण, कोणत्या पलटणीतला, कोठे वारला, हे सगळे दगडात कोरून ठेवलेले आहे. आमच्या मराठी मंडळीतील माणसांना दगड परवडत नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला वही आली. वही म्हणजे दफनाची नोंदवही, आणि तिच्यावरून दरवर्षी उतरवून काढलेली स्मरणयादी. २ नोव्हेंबरच्या लगतच्या रविवारी उपासनेत ही यादी मोठ्याने वाचतात आणि वाचन चालू असेपर्यंत सगळी मंडळी उभी राहते.

या वहीचा आणि माझा संबंध सुमारे तीस वर्षांपूर्वी आला. पुण्याच्या पूर्व भागातील आमच्या लहानशा मंडळीत मी तेव्हा पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, चिटणीस होतो. पहिल्याच वर्षी मी जो घोळ घातला, तो आज तुम्हाला सांगणार आहे. आमच्या घरात हा प्रसंग इतक्या वेळा सांगून झाला आहे की मी तोंड उघडताच मुले उठून जातात. तुम्ही मात्र बसून राहाल, अशी आशा आहे.

आमच्या मंडळीत एक मावशी होत्या. लहान-थोर सगळेच त्यांना मावशी म्हणत. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तेही मावशी म्हणत आणि पाळकसाहेबांच्या सत्तरी उलटलेल्या मातोश्रीसुद्धा मावशीच म्हणत. त्या नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून लग्नानंतर पुण्यात आल्या, त्यांचे यजमान लवकर वारले, मूलबाळ नव्हते. एका वाड्याच्या मागच्या अंगाला त्यांची एक खोली होती. त्या खोलीत राहून त्यांनी चाळीसेक वर्षे एकच काम केले: प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षरसाच्या विधीच्या, मेजावर जे पांढरे सुती कापड अंथरतात, ते धुऊन, खळ करून, इस्त्री करून दर रविवारी सकाळी देवळात आणून देणे.

हे काम लहान वाटेल, पण मी ते जवळून पाहिलेले आहे, कारण मुलगा असताना कोळसे फुंकायला मीच बसत असे. द्राक्षरसाचा डाग पडला तर रविवारी घरी पोहोचताच त्या त्यावर मीठ चोळीत. डाग सोमवारवर टाकलेला त्यांना खपत नसे. खळ तांदळाच्या पेजेची, वस्त्रगाळ केलेली, आणि नीळ अगदी नखाएवढी. ज्यांनी घरी सुती साडीला खळ केली आहे, त्यांना ती किती पातळ हवी हे सांगायला नको. (आता खळ फवाऱ्याच्या डब्यात विकत मिळते. तिने कापड ताठ होते, परंतु त्याला पेजेचा तो वास येत नाही, आणि ज्या कापडाला वास नाही ते धुतले आहे यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.) इस्त्री तापली की नाही हे त्या ती गालाजवळ नेऊन पाहत. त्या काळी धोबी तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारा मारीत; मावशी तसे कधी करीत नसत. पितळेच्या लोटीत बोटे बुडवून त्या पाणी शिंपडीत आणि म्हणत, "प्रभूच्या मेजाचं कापड उष्टं करायचं नाही, बाळा." इस्त्री झाली की कापडाची घडी घालीत नसत, कारण घडीची रेघ मेजावर दिसते, ते बांबूच्या काठीवर गुंडाळून, वरून जुने धोतर लपेटून, लेकराला आणावे तसे दोन्ही हातांवर घेऊन त्या येत.

त्या वर्षी पावसाळ्यात मावशी गेल्या. दफन रीतसर झाले, पुष्कळ माणसे आली. मृत्यूच्या दाखल्यावरून नोंद वहीत उतरवून घेण्याचे काम माझे होते. त्या धावपळीत मी वहीत "मावशी, विधवा, वय सुमारे ७५" एवढेच पेन्सिलीने लिहून ठेवले. नाव नंतर घालू म्हटले, आणि दाखल्याचा कागद कचेरीत जमा झाला.

ऑक्टोबरच्या शेवटी यादी करायला बसलो आणि माझे हात थांबले. मावशींचे नाव मला ठाऊक नव्हते. पाळकसाहेबांना विचारले, त्यांना ठाऊक नव्हते. स्त्रीमंडळात विचारले, तर तीन जणींनी तीन नावे सांगितली आणि त्यावरून त्यांच्यात थोडी वादावादीही झाली. बाप्तिस्म्याची वही पाहिली, पण बाप्तिस्मा आमच्याकडचा नव्हता; लग्नाची वही पाहिली, लग्नही गावाकडचे. शेवटची आशा वर्गणीच्या वहीवर होती, कारण पैशाच्या नोंदी मंडळीत फार काटेकोर असतात. तेथे महिन्याच्या महिन्याला वर्गणी जमा झालेली होती, एकही महिना चुकलेला नव्हता, आणि नावाच्या रकान्यात प्रत्येक वेळी लिहिले होते: मावशी.

मी कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने म्हणाले, नोंद शोधून देतो, फक्त अर्जात मृताचे संपूर्ण नाव लिहा. मी त्यांना म्हटले, तेच तर मला हवे आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही. परत येताना वाड्यातील शेजारीण भेटली. ती म्हणाली, "अहो, रेशनच्या दुकानात विचारा की. कार्ड होतं त्यांचं."

रेशनचे दुकान वाड्यापासून चार घरांवर होते. दुकानदारकाका ख्रिस्ती नव्हते आणि आमच्या देवळात त्यांनी कधी पाऊल टाकलेले नव्हते. मी "मावशी" म्हणताच त्यांनी जाडजूड रजिस्टर काढले, थुंकी लावून पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले. तेथे मावशींचे नाव, यजमानांचे नाव आणि आडनाव निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेले होते. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि पुढे म्हणाले, "रॉकेल वेळेवर नेत होत्या. साखर कधी पुरती नेली नाही, शेजारणीला द्या म्हणायच्या. तांदूळ मात्र जुना मागायच्या, म्हणायच्या, नव्या तांदळाची खळ चिकटते." मग त्यांनी रजिस्टर मिटले आणि अगदी साधेपणाने विचारले, "तुमच्याच देवळातल्या ना त्या? मग तुम्हाला नाव माहीत नव्हतं?"

मी नाव कागदावर उतरवून घेतले आणि काही उत्तर न देता निघालो.

रविवार आला. मी यादी वाचू लागलो. आमची पद्धत अशी होती की फक्त नावे वाचायची, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. मावशींचे संपूर्ण नाव मी मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचले, कारण ते मिळवायला मी पुष्कळ पायपीट केली होती. आणि श्रोतेहो, काहीही झाले नाही. एकाही चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. ज्यांची लग्ने मावशींनी धुतलेल्या कापडासमोर लागली होती, ती माणसे हे कोण्या परक्या बाईचे नाव असावे अशा चेहऱ्याने पुढच्या नावाची वाट पाहत उभी होती. मी थांबलो. मग पद्धत मोडून म्हणालो, "म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षे या मेजावरचे कापड धुतले, त्या आपल्या मावशी." त्याबरोबर मागच्या बाकांवरून कोणीतरी "अगंबाई, मावशी!" असे पुटपुटले आणि सगळ्यांच्या नजरा एकदम मेजाकडे गेल्या. मेजावर त्या दिवशी टेरिकॉटचे नवे कापड होते आणि त्याच्या मधोमध घडीची रेघ दिसत होती.

म्हणून मी म्हणतो: नाव आणि काम, दोन्ही. आम्ही चाळीस वर्षे काम जाणत होतो आणि नाव जाणत नव्हतो. त्या दिवशी नाव वाचले, तर काम सांगेपर्यंत कोणाला काही कळले नाही.

ते नाव मी तुम्हाला सांगितले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ते मंडळीपुढे दरवर्षी वाचले जाते. आकाशवाणीवर सांगायची परवानगी घ्यायची मात्र राहून गेली.

उपासनेनंतर कमिटीत माझी कानउघाडणी झाली. प्रत्येक नावापुढे असे बोलू लागलात तर उपासना दुपारी एकपर्यंत चालेल, असे कमिटीतील एक ज्येष्ठ म्हणाले, आणि त्यात तथ्य होते. मी त्यांच्यापुढे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय ९ उघडून ठेवला. यापो गावी टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावते आणि येशूचा शिष्य पेत्र तेथे येतो, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या विधवा तिच्या सद्गुणांचे वर्णन करीत बसत नाहीत. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौलही तेच करतो. तेथे वीसहून अधिक माणसांना त्याने नावे घेऊन सलाम सांगितला आहे, आणि अनेकांच्या नावापुढे एखादेच वाक्य आहे: पर्सिस हिने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले; प्रिस्क व अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. एका बाईला मात्र तो नुसते "रूफाची आई" म्हणतो आणि ती माझीही आई, एवढेच पुढे लिहितो. तिचे नाव आज जगात कोणालाही ठाऊक नाही. रोममध्येही सगळे तिला मावशीच म्हणत असावेत.

अखेर कमिटीने ठरवले की एका नावाला एक वाक्य, आणि तेही कामाचे. पदे सांगायची नाहीत, पदव्या सांगायच्या नाहीत. हा नियम पाळून घेताना मला पुष्कळ वाईटपणा घ्यावा लागला आहे. माणूस गेला की त्याचे फ्लेक्स चौकात लागतात, त्यावर फोटोखाली शुभेच्छुकांची चाळीस नावे असतात आणि मृताने आयुष्यात काय केले याचा एक शब्द नसतो. माझ्या मते अशा फलकांवर महापालिकेने कर लावावा. नावाआधी काय लावायचे यावरही वाद होतो. मराठीने या बाबतीत कंजुषी केलेली नाही: कैलासवासी आहे, वैकुंठवासी आहे, पैगंबरवासी आहे आणि आमच्यासाठी ख्रिस्तवासी आहे. तरीही आमची मंडळी सर्रास "कै." लिहितात, आणि यादीतील असे प्रत्येक "कै." मी लाल शाईने खोडतो.

आपल्याच जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, मराठी भाषांतर केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी ख्रिस्तवासी झाल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडले. रमाबाईंचे स्मरण इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेतसुद्धा ३० एप्रिल रोजी केले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या शास्त्राच्या छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, मात्र मुक्तीतल्या बायकामुलींनी जुळवले होते. त्यांचे काम आपल्याला ठाऊक आहे. नावे कोणाच्या घरी एखाद्या वहीत, एखाद्या जुन्या पत्रात असतील, तर ती उतरवून ठेवावीत. घरातील वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवर त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे, आणि नाव व काम दोन्ही विचारावे.

यंदाच्या आमच्या यादीत अकरा नवी नावे आहेत. दहांची वाक्ये लिहून झाली आहेत. एक जण पंधरा वर्षे देवळाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करीत होते. एका बाईंनी रविवारच्या शाळेतील मुलांच्या चपला दाराशी जोडीने लावून ठेवण्याचे काम कोणी न सांगता केले. अकरावे गृहस्थ अबोल होते, शेवटच्या बाकावर बसत आणि उपासना संपताच निघून जात. त्यांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. त्यांचा मुलगा चाकणला कामाला आहे. त्याला मी फोन केला होता, आणि आज संध्याकाळी पाळी संपली की तो माझ्याकडे येणार आहे.

नमस्कार.