करवतीने वाटणी

मंडळी, टिटिकाकाला जायचं म्हणजे आधी डोकेदुखी. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं हे सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. पुनो गावात कोकाच्या पानांचा चहा पीत एक दिवस पडून काढला आणि मग मोटारबोटीने उरू लोकांच्या बेटांकडे निघालो.

बेटावर पाय टाकला आणि तो किंचित खाली गेला. भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवर चढल्यावर जातो ना, तसा! तोतोरा नावाचं लव्हाळ्यासारखं गवत तिथे उथळ पाण्यात माजतं. त्याच्या मुळांचा गठ्ठा, खिली म्हणतात त्याला, पाण्यावर तरंगतो. ते ठोकळे करवतीने कापायचे, खुंट्या ठोकून दोरांनी एकमेकांना बांधायचे आणि वर तोतोराचे थर आडवे-उभे अंथरायचे. झालं बेट. म्हणजे, झालं असं कधी होतच नाही. खालून ते कुजत जातं, म्हणून वरून सारखं अंथरत राहावं लागतं; पावसाळ्यात तर जास्तच. घर त्याचंच, होडी त्याचीच, आणि त्याचा बुडखा सोलून खातातही. मी खाल्ला. काकडीसारखा लागतो, पण चव बेताचीच. चूल मात्र दगडावर मांडतात, कारण सगळं बेटच सरपण!

आणि भावाभावांत पटेनासं झालं तर? मधोमध करवत चालवायची आणि आपापला तुकडा ओढून न्यायचा. पाहुण्यांना हे हसत हसत सांगतात. आपल्याकडे हातभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यामुळे मला काही हसू आलं नाही, हेवाच वाटला.

परतताना बोटीतले एक गृहस्थ कुरकुरले, “सगळा देखावा आहे हो, सौरऊर्जेच्या पाट्या बघितल्यात ना?” बघितल्या की! गवताच्या घरात मेणबत्तीपेक्षा त्या बऱ्याच बऱ्या. हे लोक आता आयमारा बोलतात, त्यांची जुनी भाषा मागे पडली. त्याबद्दल मात्र हे गृहस्थ काही कुरकुरले नाहीत. पूर्वी ही बेटं सरोवरात बरीच आत होती. १९८६ च्या वादळानंतर अनेकांनी ती पुनोजवळ बांधली, आणि प्रवासी येऊ लागले. मासेमारीच्या जोडीला भरतकाम विकतात, होडीतून फिरवतात. देखावा म्हणा, पण तो मांडायला बेट तरंगतं ठेवावं लागतं, आणि तो घाम काही देखाव्याचा नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. २०२३ साली दुष्काळात सरोवर इतकं आटलं की पुनोच्या बाजूला होड्या गाळात रुतल्या. पाणी हटलं की तोतोराही उभ्या जागी वाळतो, आणि मग अंथरायला आणायचं कुठून?