डुकराच्या आयव्हीएफमध्ये एका बीजांडात जास्त शुक्राणू का शिरतात?

सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रीनवर हा काळपट गोळा दिसतोय ना, ते डुकरिणीचं बीजांड. काळपट, कारण आत चरबीचे थेंब ठासून भरलेत.

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर डिशमध्ये केलेलं फलन, म्हटलं की आपल्याला वाटतं, शुक्राणू आत शिरला की काम फत्ते. इथे खरी भानगड त्याच्यानंतर सुरू होते. एक शिरतो, पाठोपाठ दुसरा, कधी तिसराही. याला म्हणतात पॉलिस्पर्मी. आणि फसगत बघा, यातली बरीच बीजांडं दोन पेशी, चार पेशी करत पार ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोग्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत, पोचतात. दिसायला ठणठणीत, आत गुणसूत्रांचा गोंधळ! म्हणून नुसते ब्लास्टोसिस्ट मोजून खूश होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फलनानंतर थोडी बीजांडं रंगवायची आणि आत प्रोन्यूक्लियस, म्हणजे बीजांडाचं आणि शुक्राणूचं केंद्रक, किती ते मोजायचं. दोन असतील, एक मादीचं आणि एक नराचं, तर ठीक.

डुकरिणीच्या पोटात हे सहसा होत नाही. रेतनात अब्जावधी शुक्राणू सोडले तरी बीजांडापाशी पोचतात मोजकेच. बाकीचे वाटेत मरतात, नाहीतर बीजवाहिनीच्या चिंचोळ्या तोंडाशी भिंतीला चिकटून बसतात. शिवाय बीजवाहिनीतली प्रथिनं बीजांडाच्या कवचावर, म्हणजे झोना पेल्युसिडावर, बसतात आणि ते कवच चिवट होतं. डिशमध्ये ना ती चाळणी, ना ती प्रथिनं.

मग शुक्राणूच कमी घालावेत? घाला, पण फार कमी केले तर बरीच बीजांडं कोरी, म्हणजे फलन न होता, राहतात. एक युक्ती मला आवडते: बीजांडं शुक्राणूंसोबत दहाच मिनिटं ठेवायची, मग पिपेटने उचलून शुक्राणू नसलेल्या थेंबात हलवायची. कवचाला चिकटलेले तेवढेच सोबत जातात. आणि हो, प्रत्येक नराचं वीर्य वेगळं वागतं. नर बदलला की प्रमाण पुन्हा तपासायचं.

पण मला विचाराल तर मुळात बीजांड नीट पिकलेलं हवं. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयातल्या ३ ते ६ मिलिमीटरच्या फॉलिकलमधून (बीजांड वाढतं त्या पाणीदार पिशवीतून) बीजांडं काढतात आणि ३८.५ अंशांवर ४२ ते ४४ तास वाढवतात. केंद्रक पिकतं, त्याची खूण म्हणून ध्रुवपिंड हा छोटासा कण बाहेर पडलेला दिसतो, आपण खूश. पेशीद्रव्य मात्र बऱ्याचदा कच्चंच असतं. २०१७ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या गटाने पिकवण्याच्या माध्यमात एफजीएफ-२, एलआयएफ आणि आयजीएफ-१ ही पेशींना संकेत देणारी तीन प्रथिनं एकत्र घातली, आणि पिल्लं मिळण्याची कार्यक्षमता चौपट झाली. फलनाच्या डिशला हात लावायच्या आधीच!

गर्भ हाताशी भरपूर लागतात, कारण गाभणपण टिकायला डुकरिणीच्या गर्भाशयात सुरुवातीला निदान चार जिवंत गर्भ असावे लागतात. एखाददुसरा देखणा ब्लास्टोसिस्ट सोडून भागत नाही.